हाडांची थकबाकी

युद्धामुळे वा दंगलीमुळे गाव सोडावे लागलेली माणसे सीमा ओलांडून आली, की त्यांच्या मदतीस धावणाऱ्या यंत्रणेचे लक्ष प्रथम ज्या गोष्टींकडे जाते त्या सर्व डोळ्यांना दिसणाऱ्या असतात: गोळीची जखम, मुलाचा अतिसार, गोवराची पुरळ, वाटेतच कळा सुरू झालेली बाई. हे स्वाभाविक आहे आणि रास्तही आहे. पटकीची साथ आवरण्यास आठवड्याचा विलंबही परवडत नाही. परंतु याच माणसांच्या, विशेषतः त्यांतील स्त्रियांच्या, अंगात एक दुखणे असे असते की जे वीस-वीस, तीस-तीस वर्षे मुकाट्याने वाढत राहते, ताप आणत नाही, सूज आणत नाही, आणि अखेरीस एखाद्या पावसाळी संध्याकाळी ओल्या पायरीवरून पाय घसरण्याचे निमित्त होऊन खुब्याचे हाड मोडते, तेव्हा कोठे त्याची दप्तरी नोंद होते. तीही अपघात या सदराखाली. हाडांच्या या ठिसूळपणाला, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसला, सुखवस्तू देशांतील वृद्ध स्त्रियांचा रोग समजण्याचा प्रघात पडून गेला आहे. त्या देशांत हाडाची घनता मोजणारी यंत्रे आहेत आणि ती मोजून घेण्याइतकी सवड असलेल्या स्त्रियाही आहेत, म्हणून तो तेथे सापडतो, एवढाच याचा अर्थ आहे.

हाड ही एकदा घडली की जन्मभर तशीच राहणारी वस्तू आहे, असा आपला सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात तिची मोडतोड आणि पुनर्रचना अहोरात्र चालू असते. काही पेशी जुने हाड पोखरून काढतात, काही पेशी त्याच जागी नवे भरतात, आणि दहा-एक वर्षांत सगळा सांगाडा जवळजवळ नव्याने बांधून निघतो. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे एक किलो कॅल्शियम असते, आणि त्यातील नव्व्याण्णव टक्के हाडांत व दातांत असते. उरलेल्या एका टक्क्यावर हृदयाचे ठोके, स्नायूंचे आकुंचन आणि रक्ताचे साकळणे अवलंबून असल्यामुळे रक्तातील कॅल्शियमची पातळी शरीर सहसा ढळू देत नाही. अन्नातून ते मिळेनासे झाले, की गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून ते काढून घेण्याचा हुकूम सोडतात आणि त्याची अंमलबजावणी तत्काळ होते. सांगाडा म्हणजे शरीराची खतावणीच होय. वयाच्या तिशीपर्यंत, आणि त्यातही मुख्यतः वयात येण्याच्या चार-सहा वर्षांत, तिच्यात जमेची बाजू भरत जाते. पुढे ती फारशी वाढत नाही, आणि पाळी गेल्यानंतर, हाडांचे रक्षण करणारा ईस्ट्रोजेन हा अंतःस्राव ओसरला की पहिल्या पाच-सात वर्षांतच पंचमांशापर्यंत शिल्लक खर्ची पडू शकते. ज्या बाईची जमा मूळचीच मोठी, तिला हा खर्च सोसतो. जिची जमा भरण्याची वर्षेच उपासमारीत आणि पळापळीत गेली, तिचे काय होते, हा या लेखाचा विषय आहे.

हे प्रथमच घडत आहे अशातला भाग नाही. पहिले महायुद्ध संपल्यावर, १९१९ च्या सुमारास, व्हिएन्ना शहरात कमरेच्या आणि बरगड्यांच्या वेदनांनी अंथरुणास खिळलेल्या, चालता-चालता पाय ओढणाऱ्या, मुख्यतः उतारवयाच्या स्त्रियांची अशी रीघ लागली, की तेथील वैद्यांनी या दुखण्याला उपासमारीचेच नाव जोडले. इंग्लंडहून तेथे गेलेल्या हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी एल्सी डॅलयेल यांनी कॉड माशाचे तेल देऊन अशा रुग्णांना बरे करून दाखविले. ड जीवनसत्त्वाला त्याचे आजचे नाव मिळण्याच्या आधीची ही गोष्ट आहे.

आपल्या मुंबई इलाख्यातही हचिसन आणि शहा या दोघांनी १९२२ साली असे दाखवून दिले, की मुडदूस आणि त्याचेच मोठेपणीचे रूप असलेली हाडांची मऊपणाची व्याधी ही गोषा पाळणाऱ्या खात्यापित्या घरांतील बायकामुलांत आढळत होती, आणि त्यांच्याहून निकृष्ट अन्न खाणाऱ्या पण दिवसभर उन्हात राबणाऱ्या गरिबांच्या घरी ती दुर्मीळ होती. पुढे १९२८ मध्ये कॅथलीन व्हॉन या डॉक्टरीणबाईंनी काश्मीरमधील आपल्या अनुभवावरून गोषा आणि बाळंतपणातील मृत्यू यांचा संबंध एका पुस्तकात मांडला. मऊ झालेल्या हाडांमुळे कटिर वाकडे होते आणि मूल अडते, असे त्यांचे म्हणणे होते. त्वचेवर ऊन पडले नाही तर ड जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि ते नसले तर खाल्लेले कॅल्शियमही पुरतेपणी अंगी लागत नाही, ही आज शाळकरी पुस्तकातली गोष्ट आपल्याकडच्या ओसरी-माजघरांतूनही शिकली गेली आहे, हे वाचकांना ठाऊक असावे म्हणून एवढे विषयांतर.

आता आजच्या काळातील सर्वांत मोठ्या निर्वासित वसाहतीकडे वळू. बांगलादेशाच्या आग्नेय टोकाला, कॉक्स बझार जिल्ह्यातील उखिया आणि टेकनाफ या उपजिल्ह्यांत कुतुपालोंग व आसपासच्या छावण्या पसरल्या आहेत. म्यानमारच्या राखाईन प्रांतातून रोहिंग्या लोक १९७८ साली आणि पुन्हा १९९१-९२ साली येथे आले होतेच. परंतु २५ ऑगस्ट २०१७ नंतर काही महिन्यांतच सात लाखांहून अधिक माणसे नाफ नदी ओलांडून आली, आणि हत्तींच्या वाटेवरचे जंगल तोडून उघड्या झालेल्या मातीच्या टेकड्यांवर बांबू आणि ताडपत्री यांची घरे उभी राहिली. त्यांत निम्म्याहून अधिक संख्या स्त्रियांची आणि मुलींची आहे. या जिल्ह्याची निवड मी केवळ गर्दीच्या आकड्यावरून करीत नाही. हाडांच्या दृष्टीने या भूमीचा एक स्वतंत्र इतिहास आहे, आणि तो निर्वासितांचा नसून तेथील मूळ रहिवाशांचा आहे.

एप्रिल १९९१ मधील प्रलयंकारी चक्रीवादळात बांगलादेशाच्या किनाऱ्यावर लाखाहून अधिक माणसे मेली. त्यानंतर याच जिल्ह्यातील चकोरिया भागात मदतीला गेलेल्या कार्यकर्त्यांच्या दृष्टीस गुडघ्यांत वाकलेली, फेंगड्या पायांनी चालणारी पुष्कळ मुले पडली. मुडदूस म्हटला की ऊन कमी पडले, असे शंभर वर्षांच्या ज्ञानाने कोणीही म्हणावे. पण ही मुले कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, भर उन्हात, उघड्या अंगाने हिंडणारी होती. पुढील संशोधनात निष्पन्न झाले ते असे, की त्यांच्या शरीरात ड जीवनसत्त्वाची टंचाई हे मुख्य कारण नव्हते. अन्नात कॅल्शियमच नव्हते. दूध मिळत नव्हते, आणि रोजचे जेवण म्हणजे भाताचा ढीग. कॅल्शियम दिल्यावर पुष्कळ मुलांचे पाय सुधारले. म्हणजे हाड कमकुवत होण्याचे दोन रस्ते आहेत, एक उन्हाच्या अभावाचा आणि दुसरा अन्नातल्या कॅल्शियमच्या अभावाचा. आणि छावणीतल्या रोहिंग्या स्त्रीच्या वाट्याला हे दोन्ही एकदम येतात.

उन्हाचे पाहा. राखाईनमधील गावात या बाईला घराभोवती कुंपण होते, परसू होते, आणि त्या परसात डोईवरचा पदर मागे टाकून तिला वावरता येत होते. छावणीत घराला लागून घर, दोहोंमध्ये हातभर बोळ, आणि बोळातून दिवसभर परक्या पुरुषांची ये-जा. त्यामुळे जो गोषा गावी सैल होता तो येथे घट्ट झाला. ताडपत्रीच्या आत, चुलीजवळ, अर्धवट अंधारात तिचा दिवस जातो; बाहेर पडायचे तर बुरखा, आणि पुष्कळदा वर छत्री. शौचालयाला जाणे ती अंधार पडेपर्यंत लांबविते, आणि ते लांबविता यावे म्हणून पाणी व अन्न बेतानेच घेते, असे तेथे काम करणाऱ्या संस्थांच्या पाहणीत आढळून आले आहे. वर्षभर ऊन असलेल्या मुलखात राहून उन्हाला पारखे होणे ते असे.

आणि अन्नाचे पाहावयाचे तर थोडा हिशेब मांडावा लागेल. निर्वासितांच्या शिध्याचा जो सर्वसाधारण शिरस्ता आहे, त्यात माणशी दररोज २१०० उष्मांक पुरविण्याचा हेतू असतो, आणि तो मुख्यतः तांदूळ, डाळ आणि तेल यांतून साधला जातो. समजा, एका बाईने दिवसाला ४०० ग्रॅम तांदूळ आणि ६० ग्रॅम मसूर खाल्ली: तांदळातून चाळीस-एक मिलिग्रॅम कॅल्शियम मिळेल, डाळीतून जवळजवळ तेवढेच, आणि तेलातून काहीही नाही. एकंदर बेरीज शंभराच्याही खाली राहते, आणि प्रौढ स्त्रीची गरज हजार मिलिग्रॅमची मानलेली आहे. उष्मांकांचा हिशेब चोख जुळला, पोटही भरले, आणि हाडाच्या खात्यावर मात्र नऊ-दशांश तूट. अशी ही तूट एखाद्या दिवसाची नसून वर्षानुवर्षांची असते. ती भरून काढील असा एक जिन्नस त्या किनाऱ्यावर मुबलक आहे: शुटकी, म्हणजे वाळविलेली मासळी. बारीक मासे काट्यांसकट खाल्ले तर त्यांतून भरपूर कॅल्शियम मिळते, हे सुकट-जवळ्यावर वाढलेल्या कोकणी वाचकाला पटवून द्यावयास नको. पुढे शिध्याऐवजी कार्ड देण्याची पद्धत आली आणि दुकानातून शुटकी, अंडी, भाजी निवडण्याची मुभा मिळाली, ही मोठीच सुधारणा होती. परंतु पैशांची आवक आटली तेव्हा जागतिक अन्न कार्यक्रमाने माणशी महिना १२ डॉलरची रक्कम मार्च २०२३ मध्ये १० वर आणि जूनमध्ये ८ वर आणली. ती पुढच्या वर्षी पुन्हा वाढविण्यात आली खरी. पण आठ डॉलरमध्ये महिना काढायचा म्हटले की तांदूळ कोणी सोडत नाही, सुटते ती मासळी आणि अंडी. आणि ज्या घरात अंडे एकच असते, तेथे ते बाईच्या ताटात पडत नाही. हे सांगण्यासाठी कॉक्स बझारला जाण्याची गरज नाही.

यावर बाळंतपणांचा भार येतो. मुली अठराच्या आत, पुष्कळदा त्याहूनही लवकर, उजवल्या जातात. स्वतःचे हाड अजून भरत असतानाच गर्भाच्या हाडांची भर तिला घालावी लागते. अंगावर पाजताना आईच्या हाडांची घनता काही महिन्यांत तीन ते पाच टक्क्यांनी घटते. निसर्गाने याची तजवीज करून ठेवली आहे, आणि पोटभर खाणाऱ्या बाईची ही उणीव मूल तोडल्यावर वर्षभरात भरून निघते. म्हणूनच पुष्कळ मुले झाली म्हणजे हाडे ठिसूळ होतातच, असे विधान कोणी करू नये. मात्र ती भरून निघण्यासाठी अन्न आणि अवधी दोन्ही लागतात, आणि छावणीत दोहोंचीही वानवा. पाळणा लांबविण्यासाठी तेथील स्त्रिया ज्या साधनांचा आधार घेतात, त्यांत तीन महिन्यांनी एकदा घ्यावयाच्या इंजेक्शनला मोठे स्थान आहे, कारण ते घरात ठेवावे लागत नाही आणि कोणाच्या नजरेसही येत नाही. हे इंजेक्शन चालू असेतोवर हाडांची घनता कमी होते, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये त्यावर ठळक इशारा छापण्यास लावले. ते बंद केल्यावर ही घट बव्हंशी भरून येते, आणि नको असलेल्या गर्भारपणाचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे. तेव्हा ते बंद करावे असे मी मुळीच म्हणत नाही. ते देणाऱ्या परिचारिकेने त्याच खेपेस कॅल्शियमच्या गोळ्यांची पुडी हातावर ठेवावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

येथे वैद्यकाच्या दृष्टीने एक नाजूक मुद्दा आहे. ऑस्टिओपोरोसिसमध्ये हाडाचा दर्जा बरा असतो, पण माल कमी असतो. ते जाळीदार, विरळ होते, आणि मोडेपर्यंत दुखत नाही. उन्हाअभावी किंवा कॅल्शियमअभावी हाड मऊ पडते तेव्हा त्यात खनिजच पुरते भरलेले नसते, आणि ते दुखते: कंबर, मांड्या, बरगड्या ठणकतात, उकिडवे बसल्यावर उठता येत नाही, चाल बदकासारखी होते. पहिला विकार फार तर थोपविता येतो. दुसरा मात्र ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांनी काही महिन्यांत बरा होतो. निर्वासित स्त्रियांत हे दोन्ही एकाच अंगात मिसळलेले असतात. एखादी पंचेचाळीस वर्षांची बाई दवाखान्यात येऊन सर्वांग दुखते म्हणते, आणि दिवसाला शंभर रुग्ण तपासणारा डॉक्टर तिला पॅरासिटामॉल देऊन वाटेला लावतो. तिला जे सोसावे लागले ते आठवून तिचे दुखणे मनाचे आहे असाही निष्कर्ष काढला जातो, आणि तो कधी कधी खराही असतो. परंतु मनाचे म्हणण्यापूर्वी तिला उकिडवे बसून हात न टेकता उठावयास सांगावे. या परीक्षेला यंत्र लागत नाही आणि मिनिटभरापेक्षा अधिक वेळही लागत नाही.

यंत्राची गोष्ट अर्थातच निराळी. हाडाची घनता मोजून तिची तुलना तरुण स्त्रीच्या सरासरीशी करावी आणि ती ठराविक मर्यादेपलीकडे खाली गेली तर ऑस्टिओपोरोसिस म्हणावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची १९९४ ची व्याख्या आहे. पण ज्या यंत्रावर ती मोजतात ते छावणीतल्या दवाखान्यात नसते. शेफील्ड विद्यापीठात तयार झालेली आणि २००८ साली प्रसिद्ध झालेली फ्रॅक्स नावाची एक गणनपद्धती आहे. तिच्यात वय, वजन, उंची, पूर्वी मोडलेले हाड, आईबापांचा मोडलेला खुबा, तंबाखू ओढणे, स्टेरॉइड औषधे अशी माहिती भरली की यंत्रावाचूनही पुढील दहा वर्षांतील धोक्याचा अदमास मिळतो. पद्धत उत्तम आहे. परंतु तिचा पहिलाच प्रश्न वयाचा, आणि निर्वासितांच्या नोंदणीपत्रकांत हजारो लोकांची जन्मतारीख १ जानेवारी अशी लिहिलेली असते, याचे कारण खरी तारीख कोणास ठाऊक नसते आणि रकाना तर भरलाच पाहिजे. आपली आई कशाने खाली बसली, खुबा मोडून की आणखी कशाने, हेही त्या बाईला सांगता येत नाही. जेथे क्ष-किरणाचे चित्र कधी निघालेच नाही, तेथे म्हातारी पडली आणि मग उठली नाही, एवढाच इतिहास उरतो.

मोडण्याच्या बाबतीत हाड हा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा पडण्याचा. कुतुपालोंगच्या टेकड्यांवर घरापासून नळापर्यंत आणि नळापासून शौचालयापर्यंत ज्या वाटा आहेत, त्या मातीत खणलेल्या किंवा वाळूच्या पोत्यांवर बांबू आडवे टाकून केलेल्या पायऱ्यांच्या आहेत. जूनपासून पुढे चार महिने त्यांवरून पाणी वाहते. एका पायरीची उंची वीतभर तर दुसरीची हातभर. कडेला धरावयास काही असेलच असे नाही. एका हातात पाण्याचे भांडे, दुसऱ्या हातात बुरख्याचा घोळ सावरलेला, पायात रबरी चप्पल, आणि वेळ, वर सांगितलेल्या कारणास्तव, अंधाराची. मनगटाचे हाड मोडले तर ते बरे होते. मणका खचला तर पोक निघते आणि बाई त्याला म्हातारपण समजते. परंतु खुबा मोडला तर शस्त्रक्रियेवाचून पर्याय नसतो, आणि चांगल्या इस्पितळांच्या देशांतसुद्धा अशा रुग्णांपैकी पाचांतील एक वर्षाच्या आत दगावतो. हाडांची घनता वाढविणाऱ्या कोणत्याही औषधाइतकाच उपयोग या वाटांवर बांबूचा कठडा आणि सौर दिवा बसविण्याचा होईल. मात्र ही कामे स्थापत्याच्या खात्यात मोडतात आणि हाडे आरोग्याच्या खात्यात, त्यामुळे एकाने दुसऱ्याला विचारण्याचा प्रसंग क्वचितच येतो.

औषधे आहेत, आणि ती आता महागही राहिलेली नाहीत. आठवड्यातून एकदा घ्यावयाची अलेंड्रोनेटची गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेऊन पुढे अर्धा तास आडवे न होता काढावा लागतो, नाही तर अन्ननलिकेला जखम होते. वर्षातून एकदा शिरेतून देण्याचे झोलेड्रोनेट आहे, ज्यासाठी मूत्रपिंडे ठीक असल्याची खात्री करावी लागते. पण अंगात ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांचा खडखडाट असताना ही औषधे दिली, तर रक्तातील कॅल्शियम एकाएकी घसरून हातापायांना पेटके येऊ शकतात. तेव्हा आधी तूट भरावी आणि मगच ही औषधे काढावीत, हा क्रम चुकवून चालत नाही. आणि बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत तूट भरणे हेच मोठे काम ठरेल.

ज्यांना पुढे तिसऱ्या देशात आसरा मिळतो, त्यांची गोष्ट थोडक्यात सांगतो. सोमाली स्त्रिया मिनेसोटात आणि फिनलंडमध्ये गेल्या, तेथे दूध आहे, दवाखाने आहेत, घनता मोजण्याची यंत्रेही आहेत. पण हिवाळ्याचे कित्येक महिने तेथल्या सूर्याला ड जीवनसत्त्व तयार करण्याइतके बळ नसते, सावळ्या त्वचेला तर गोऱ्या त्वचेपेक्षा अधिक ऊन लागते. फिनलंडने २००३ पासून दुधात हे जीवनसत्त्व घालण्यास सुरुवात केली. ज्यांना दूध पचत नाही अशा स्त्रियांसाठी मात्र गोळ्यांची निराळी व्यवस्था लागते.

कुतुपालोंगमध्ये परत येऊन शिध्याच्या वर्गवारीकडे पाहिले, की एक गोष्ट ध्यानात येते. खनिजे आणि जीवनसत्त्वे मिसळलेले जे खास पौष्टिक पीठ वाटले जाते, त्यात कॅल्शियम असते आणि ड जीवनसत्त्वही असते. परंतु ते पाच वर्षांखालील मुलांना आणि गरोदर वा पाजणाऱ्या मातांना देण्याचा शिरस्ता आहे. सर्वांच्या तांदळात लोह, फॉलिक आम्ल, ब-१२ यांची भर घालता येते आणि घातलीही जाते, पण कॅल्शियम त्यात बसत नाही. मूल अंगावरून सुटले की आई या यादीतून सुटते, आणि पाळी गेल्यावर, जेव्हा हाडांचा खर्च सर्वांत वेगाने सुरू होतो, तेव्हा तिच्यासाठी कोणतीच यादी नसते. याहूनही अधिक मला खटकते ती दुसऱ्या टोकाची गोष्ट. छावणीतील अभ्यासकेंद्रांत मुलांना पौष्टिक बिस्किटे देतात. अशा बिस्किटांत शंभर ग्रॅममागे अडीचशे मिलिग्रॅम कॅल्शियम असावे असा दंडक आहे. आठ-दहा वर्षांची मुलगी ती खाते. मग तिला पाळी येते, घरचे तिचे केंद्रात जाणे बंद करतात, ती ताडपत्रीच्या आत बसते, आणि ऊन व बिस्किट दोन्ही एकाच दिवशी थांबतात. म्हणजे जमा भरण्याची जी चार-सहा वर्षे, नेमक्या त्यांच्या आरंभी. २०१७ साली आठ वर्षांची असताना नाफ नदी ओलांडून आलेली मुलगी २०५९ साली पन्नाशीची होईल. बिस्किटांचा पुडा घरपोच देण्याचे काम त्या-त्या गटाच्या माझीकडे, म्हणजे छावणीच्या मुकादमाकडे, किंवा घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविकांकडे सोपविणे अवघड नाही. त्यासाठी यादीत एक रकाना मात्र वाढवावा लागेल.